राजानं झोपला

आमच्या ग्रुपमध्ये कोणाचं काही फसलं की बाकीचे एका सुरात ओरडतात, "राजानं झोपला!" बाहेरच्या माणसाला यातलं काही कळत नाही आणि समजावून सांगायला गेलं की अजूनच येडपट वाटतं, तरी सांगते.

इम्प्रोव्ह म्हणजे स्क्रिप्ट नसलेली कॉमेडी. दोन जण स्टेजवर येतात, प्रेक्षकांकडून एखादा शब्द घेतात आणि तिथल्या तिथे सीन उभा करतात, आधी काही म्हणजे काही ठरलेलं नसतं. मी हे तीन वर्षं करतेय, दर मंगळवारी संध्याकाळी अडीच तास ग्रुपबरोबर आणि घरी रोज साधारण अर्धा तास एकटी. यातून पैसे मिळत नाहीत आणि मला मिळवायचेही नाहीत, नोकरी वेगळी आहे आणि ती नीट चालू आहे. पण नाद म्हणतात ना तो लागलाय. आणि ज्याला ज्याला हे सांगितलं त्यानं एकच प्रश्न विचारला, "ज्याची तयारीच करायची नसते त्याची प्रॅक्टिस कसली करता?" प्रश्न चोख आहे. मला स्वतःला पहिले आठ-नऊ महिने याचं उत्तर माहीत नव्हतं आणि त्यामुळे मी जो काही गाढवपणा केला तो इथे लिहून काढतेय.

पहिल्या दिवशी आम्हाला गोल उभं केलं आणि "झिप, झॅप, झॉप" सुरू झालं. एकानं टाळी वाजवत दुसऱ्याकडे हात करून झिप म्हणायचं, त्यानं तिसऱ्याकडे झॅप, तिसऱ्यानं चौथ्याकडे झॉप, परत झिप, बस एवढंच. मी मनात म्हटलं, हे बालवाडीतलं काय चालवलंय, आणि तिसऱ्याच फेरीत झॅपच्या जागी झॉप म्हणाले. लगेच सवयीनं "सॉरी सॉरी सॉरी". कोच म्हणाली, सॉरी नाही म्हणायचं, दोन्ही हात वर करून मोठ्यांदा "चुकले!" म्हणायचं आणि आम्ही टाळ्या वाजवणार. मी पुटपुटल्यासारखं म्हटलं. परत म्हणायला लावलं. तिसऱ्यांदा खरंच ओरडले आणि सगळ्यांनी अशा टाळ्या वाजवल्या की जसं काही मी मेडल आणलंय. तेव्हा फार लाज वाटली होती, पण घरी येऊन लक्षात आलं की चुकल्यावर पोटात जो गोळा येतो तो आलाच नव्हता, किंवा आला असेल तर टाळ्यांमध्ये विरघळून गेला असेल.

बालवाडी म्हटलं ते नंतर वाचल्यावर अगदीच चूक नव्हतं असं कळलं. यातले बरेचसे खेळ मुळात व्हायोला स्पोलिन नावाच्या बाईंकडून आलेत, त्यांनी शिकागोमध्ये मुलांबरोबर नाटकाचं काम करताना ते घडवले, कारण मुलांना "असा अभिनय कर" म्हटलं की ती लाकडासारखी होतात पण खेळायला सोडलं की आपोआप बरोबर वागतात. त्यांचं पुस्तक १९६३ मध्ये आलं. त्यांचा मुलगा पॉल सिल्स हा १९५९ मध्ये शिकागोत सेकंड सिटी हे कॉमेडी थिएटर सुरू करणाऱ्यांपैकी एक. म्हणजे इतकी मोठमोठी कॉमेडीची नावं ज्या थिएटरमधून बाहेर पडली त्याच्या मुळाशी लहान पोरांचे खेळ आहेत, आणि मी तिथे उभी राहून नाक मुरडत होते.

आता राजाकडे येते. एकेक शब्दाची गोष्ट हा आमचा दुसऱ्या आठवड्यातला खेळ. गोलात प्रत्येकानं फक्त एक शब्द बोलायचा आणि सगळ्यांनी मिळून एक गोष्ट सांगायची. ऐकायला सोपं आहे ना? मराठीत करून बघा. आपलं क्रियापद येतं शेवटी, म्हणजे वाक्यात नक्की काय घडलं हे शेवटच्या माणसाच्या हातात, आणि मधले सगळे आपापली विशेषणं जोडत बसतात, "एका", "मोठ्या", "जुन्या", "काळ्या", क्रियापदाची जबाबदारी घ्यायला कोणी तयार नाही. वर आपल्या विभक्त्या. कोणी "राजा" म्हणालं तर पुढे काहीही होऊ शकतं, राजा येतो, राजा पडला, राजा रडेल. पण कोणी "राजानं" म्हणालं की झालं, त्या एका "नं"नं पुढच्या सगळ्यांना बांधून टाकलं, आता राजानं काहीतरी केलं पाहिजे, खाल्लं, फेकलं, मारलं, नुसतं बसून चालणार नाही.

तर त्या दिवशी माझ्या आधीचा म्हणाला "राजानं". आणि मी, तो बोलायच्या दोन माणसं आधीपासूनच मनात "झोपला" घेऊन बसले होते, कारण मला ती गोष्ट तिथे झोपवायची होती, मला वाटलं राजा झोपणं फार विनोदी होईल. माझी पाळी आली आणि मी पूर्ण आत्मविश्वासानं म्हटलं, "झोपला." एक क्षण शांतता आणि मग जे हसले सगळे, एक जण खाली बसला हसून हसून. मीपण हसले, हात वर करून "चुकले!" ओरडले, टाळ्या झाल्या. पण बसमध्ये जाताना ते डोक्यात फिरत राहिलं. मराठी तर माझी मातृभाषा आहे, "राजानं झोपला" असं मी झोपेतसुद्धा बोलणार नाही, मग बोलले कशी? कारण मी ते "नं" ऐकलंच नव्हतं. कानावर पडलं होतं, ऐकलं नव्हतं.

इथेच शहाणं व्हायला हवं होतं. पण मी पडले मन लावून अभ्यास करणारी मुलगी, मी ठरवलं की आपला वेग कमी पडतोय आणि साठा कमी पडतोय. मग सुरू झाली माझी घरची तयारी, जी आता आठवली तरी हसू येतं. कार्डं आणली, एकेका कार्डावर सीनची पहिली वाक्यं लिहिली, दोनशेच्या वर झाली होती. वेगळ्या वहीत पात्रं, प्रत्येकाचं चालणं, आवाज, लकब. एक रागीट ग्रंथपाल होती, जिला पुस्तकं परत आणून दिलेली आवडत नाहीत. ती मला स्वतःलाच इतकी आवडली की मी आरशासमोर तिची प्रॅक्टिस करायचे.

त्या ग्रंथपालबाई लागोपाठ तीन मंगळवार स्टेजवर आल्या. पहिल्यांदा खूप हसले लोक. दुसऱ्यांदा थोडे. तिसऱ्यांदा माझ्या पार्टनरनं सीन सुरू केला तो असा, दोन्ही हातांनी काहीतरी जड वल्हवतोय, घाम पुसतोय, आणि म्हणतो, "ताई, किनारा दिसत नाहीये गं." सांगा, किती सुंदर सुरुवात आहे. आम्ही होडीत आहोत, बहीणभाऊ आहोत, तो दमलाय, घाबरलाय, सगळं एका वाक्यात फुकट मिळालं. आणि मी चष्मा सरकवल्याची अ‍ॅक्शन करून म्हटलं, "लायब्ररीत आवाज नको!" चार लोक हसले. पार्टनरच्या हातातलं वल्हं गेलं. म्हणजे खरंच गेलं, त्याचे हात खाली आले, तो उभा राहिला, आणि पुढची दोन मिनिटं तो बिचारा माझ्या लायब्ररीत पुस्तक शोधत राहिला. नंतर नोट्स देताना कोच एवढंच म्हणाली, "होडीत पुस्तकं भिजली असतील गं." बास. त्या रात्री मला जेवण गेलं नाही.

"होय, आणि" हे इम्प्रोव्हचं सगळ्यात प्रसिद्ध वाक्य, सगळीकडे सांगतात, आजकाल ऑफिसच्या ट्रेनिंगमध्येसुद्धा सांगतात. अर्थ असा की समोरच्यानं जे जग उभं केलं ते मान्य करायचं आणि त्यात आपली एक वीट चढवायची. मला ते पाठ होतं. पण मी ते शब्दशः घेतलं होतं, म्हणजे माझी पात्रं सगळ्याला हो म्हणायची, कोणी म्हणालं घर विक की मी विकलं, कोणी म्हणालं उडी मार की मारली, आणि त्यात कसलीच गंमत यायची नाही. मान्य करायची असते ती परिस्थिती, पात्रानं नाही म्हणायला काहीच हरकत नाही. "ताई, किनारा दिसत नाहीये" याला "मग मी सांगितलं होतं तेव्हा का नाही वळवलीस?" हे भांडण आहे, पण यात होडी आहे, किनारा नाहीये, बहीण आहे, वर एक जुना राग नवीन आलाय. आणि मी जी मध्येच घुसवली ती लायब्ररी, ती कोणाशी भांडत नव्हती पण तिनं होडीच बुडवली. हा फरक डोक्यात शिरायला मला सहा महिने लागले, माझ्याबरोबर आलेल्या एका मुलाला दोन आठवड्यांत कळलं होतं, असो.

मग मी एक काम केलं जे खरंच उपयोगी पडलं. सगळ्यांना विचारून फोन कोपऱ्यात रेकॉर्डिंगला ठेवायला लागले आणि घरी येऊन फक्त माझे सीन ऐकायचे, व्हिडिओ नाही, नुसता आवाज. वही घेऊन बसायचे. पहिल्याच रेकॉर्डिंगमध्ये वीस मिनिटांच्या सीनमध्ये मी ४१ प्रश्न विचारले होते. "काय झालं?" "कुठे चाललास?" "हे काय आहे?" "कोण आलंय?" आता प्रश्न विचारणं वाईट नाही, पण हे प्रश्न असे होते की सगळं ओझं समोरच्यावर, तूच ठरव काय आहे, तूच सांग कोण आलंय, मी नुसती भुवया उंचावून उभी. त्यापेक्षा वाईट म्हणजे पार्टनर मध्येच काहीतरी अफलातून बोलून जातो आणि मी त्यावरून सरळ पुढे जाते. एका सीनमध्ये तो म्हणतोय, "बाबांनी घरातली सगळी घड्याळं थांबवलीयत." अंगावर काटा यावा असं वाक्य. माझं उत्तर रेकॉर्ड झालंय, "बरं, पण तू बॅग भरलीस का?"

तेव्हा मी कार्डांचा गठ्ठा उचलून कपाटावर टाकला. फेकून नाही दिला, तेवढी हिंमत नव्हती. पण प्रॅक्टिस बदलली. आता साहित्य जमवायचं नाही, कान आणि अंग यांचा रियाज करायचा असं ठरवलं, आणि त्यातले काही प्रकार अजूनही रोज करते ते सांगते.

एक म्हणजे शेवटचा शब्द. समोरच्याच्या वाक्याचा जो शेवटचा शब्द असेल तो आपल्या वाक्याचा पहिला शब्द. ग्रुपमध्ये दोघं मिळून करतात, मी एकटी असताना रेडिओवरच्या बातम्यांबरोबर करते. मराठीत शेवटचा शब्द म्हणजे बहुतेक क्रियापद किंवा आहे-नाही, त्यामुळे तुमचं वाक्य "नाही"पासून सुरू होतं, "आलाय"पासून सुरू होतं, आणि ते बोलण्यात किती खरं वाटतं! "दार उघडं आहे." "आहे ना, मीच ठेवलंय." आपण भांडताना असेच बोलतो. मुख्य म्हणजे समोरचा थांबेपर्यंत तुम्हाला उत्तर तयार करताच येत नाही, कारण कच्चा मालच हातात नाही.

दुसरा खेळ आमचा सगळ्यांचा लाडका, याला आम्ही मन जुळवणे म्हणतो. दोघं समोरासमोर, एक-दोन-तीन म्हणून एकाच वेळी एकेक शब्द बोलायचा, कुठलाही. मग त्या दोन शब्दांच्या मधला, दोघांना जोडणारा शब्द शोधायचा, परत एक-दोन-तीन. दोघांच्या तोंडून एकच शब्द येईपर्यंत. एकदा माझा आला "समुद्र" आणि समोरून आला "पंखा". पुढच्या वेळी मी म्हटलं "वारा", ती म्हणाली "लाट". मग दोघींच्या डोळ्यात एकदम काहीतरी चमकलं आणि दोघी ओरडलो, "वादळ!" शप्पथ सांगते, लॉटरी लागल्यासारखं वाटतं. आणि जेव्हा जुळत नाही तेव्हा नव्याण्णव टक्के वेळा कारण एकच असतं, कोणीतरी एक जण हुशारी दाखवायला बघतोय. समुद्र आणि पंखा याला "विषुववृत्त" म्हणणारा माणूस हुशार आहे, पण तिथे त्याच्याबरोबर कोणी पोचत नाही.

कीथ जॉनस्टन हे या क्षेत्रातलं दुसरं मोठं नाव, लंडनच्या रॉयल कोर्ट थिएटरमध्ये सुरुवात केली, नंतर कॅनडात कॅलगरीला जाऊन १९७७ मध्ये लूज मूस नावाचं थिएटर सुरू केलं, २०२३ मध्ये गेले. ते शिष्यांना सांगायचे की जे उघड आहे तेच बोला, नवीन काहीतरी शोधायच्या फंदात पडू नका, आणि जिवापाड प्रयत्न करू नका, साधारण राहा. साधारण राहा! मला आयुष्यभर कोणी हे सांगितलं नव्हतं, मला नेहमी उलटंच सांगितलंय. सुरुवातीला पटलं नाही. पण रेकॉर्डिंग ऐकताना दिसतं की जिथे मी हुशार झाले तिथे सीन मेला, आणि जिथे मी माठासारखं जे समोर दिसतंय तेच बोलले तिथे लोक हसले, कारण तेच त्यांच्याही मनात होतं.

जॉनस्टन यांचंच स्टेटसचं, म्हणजे कोण मोठा आणि कोण छोटा याचं काम, हे मात्र मराठी माणसानं करून बघायलाच पाहिजे. पत्त्यांचं एकेक पान न बघता कपाळाला लावायचं, तुमचं पान तुम्हाला दिसत नाही, बाकीच्यांना दिसतं, आणि सगळे तुमच्याशी त्या पानाच्या किमतीप्रमाणे वागतात. राजा असेल तर वाट देतात, दुर्री असेल तर ढुंकून बघत नाहीत. पाच मिनिटांत तुम्हाला तुमची लायकी कळते, आणि ती इतकी पटकन कळते की जरा भीती वाटते. अंगात काय बदलतं तेही जॉनस्टन सांगतात, बोलताना डोकं स्थिर ठेवलं की माणूस मोठा वाटतो, चेहऱ्याला सारखा हात लावला की छोटा. पण आपल्याकडे याच्या वर भाषा आहे. एक "अरे" आणि एक "अहो", तू आणि तुम्ही, एवढ्यात अख्खं नातं उलटंपालटं होतं. एक माणूस पाच वाक्यं "तुम्ही" म्हणत असतो आणि सहाव्या वाक्यात हळूच "तू" म्हणतो, प्रेक्षक श्वास रोखून धरतात, कशाला विनोद पाहिजे? आणि "आले" की "आलो" यावर बाईचा पुरुष. मी म्हातारा करते तेव्हा आवाज जाड करत नाही, दाढी कुरवाळत नाही, नुसतं "आलो रे बाबा" म्हणत आत येते, आणि लोक मान्य करून टाकतात.

यातच माझी सगळ्यात मोठी गोची झाली. आमच्या ग्रुपमध्ये एक काका आहेत, वय चौसष्ट, रिटायर झाल्यावर आले. आम्ही सगळे त्यांना काका म्हणतो, ते आम्हाला अगं-अरे. एका सीनमध्ये ते पहिल्याच वाक्यात मला म्हणाले, "ताई, मला शाळेत नाही जायचं." झालं! आता ते माझे धाकटे भाऊ, सहा-सात वर्षांचे. मला काय बोलायचंय ते कळत होतं, तोंडात "अरे ए, ऊठ" आलंही होतं, पण जीभ वळेचना. मी म्हटलं, "अहो... उठा ना." चौसष्ट वर्षांचा माणूस चड्डीतल्या पोरासारखा पाय आपटतोय आणि ताई त्याला अहो म्हणतेय, लोक पडले हसून, पण ते माझ्या अडखळण्याला हसले, सीनला नाही. काकांनी सावरून घेतलं म्हणा, "बघ आई, ताई माझी चेष्टा करते" म्हणाले. माझी चूक उचलून त्यांनी त्याची वीट केली. कित्येक महिने कार्डं लिहून मला जे जमलं नव्हतं ते त्यांना तिसऱ्या महिन्यात येत होतं, आणि त्यांच्या घरी ना कार्डं होती ना वही.

हातातल्या वस्तूंचं काम, म्हणजे जी वस्तू नाही ती आहे असं वागणं, हे मला आधी मूकाभिनय वगैरे वाटायचं आणि कंटाळा यायचा. आता रोजच्या अर्ध्या तासातली दहा मिनिटं त्यालाच जातात. खरा पाण्याचा पेला दहा वेळा उचलायचा, ठेवायचा, मग पेला बाजूला ठेवून दहा वेळा तेच. पहिला शोध असा लागतो की उचलणं सगळ्यांना येतं, ठेवणं येत नाही. पेला टेबलवर टेकल्यावर बोटं सुटतात, उघडतात, मग हात मागे येतो. आम्ही सगळे हवेतला पेला ठेवायच्या ऐवजी मूठ उघडून तो गायब करायचो. आणि टेबल. एकानं टेबल मांडलं की दुसरा त्यातून आरपार चालत जातो, हे प्रत्येक ग्रुपमध्ये होतच असणार, प्रेक्षकांना मात्र ते टेबल बरोबर आठवत असतं, ते कोणी ओलांडलं की "आss" असा आवाज येतो. याचा फायदा अभिनयापुरता नाहीये. हात कामाला लागले की डोक्यातली बडबड कमी होते, पुढचं वाक्य शोधायची धडपड थांबते, हे मला माझ्यापुरतं शंभर टक्के पटलंय.

याच्यावर एक प्रयोगसुद्धा आहे, २००८ मधला, लिंब आणि ब्राऊन या दोघांचा. त्यांनी सहा जॅझ पियानोवाल्यांना मेंदूच्या स्कॅनरमध्ये झोपवून छोटा कीबोर्ड वाजवायला दिला, पाठ केलेलं वाजवताना आणि ऐनवेळी सुचेल ते वाजवताना काय फरक पडतो ते बघितलं, तर ऐनवेळी वाजवताना मेंदूच्या पुढच्या भागातला, स्वतःवर लक्ष ठेवण्याशी आणि स्वतःला आवरण्याशी जोडला जाणारा एक हिस्सा शांत झालेला दिसला. सहाच माणसं होती आणि संगीत होतं, कॉमेडी नव्हती, त्यामुळे मी यावरून मोठे इमले बांधत नाही. पण माझ्या आतली ती मॉनिटर मुलगी, जी फळ्यावर बोलणाऱ्यांची नावं लिहीत असते, तिला पंचवीस मिनिटं वर्गाबाहेर पाठवता येतं एवढं कळलं तरी बरं वाटलं.

पंचवीस मिनिटं म्हणजे हॅरॉल्ड. इम्प्रोव्ह शिकवणारा डेल क्लोज आणि सॅन फ्रान्सिस्कोच्या द कमिटी या इम्प्रोव्ह ग्रुपनं १९६७ च्या सुमारास सुरू केलेला मोठा प्रकार, एका शब्दावरून सुरुवात, मग तीन वेगवेगळे सीन, मध्ये सगळ्यांचा एक खेळ, परत तेच तीन सीन पुढे सरकलेले, परत खेळ, आणि शेवटी सगळे धागे एकमेकांत. आमचा पहिला हॅरॉल्ड इतका भयंकर झाला की त्याबद्दल फार लिहीत नाही. तीनही सीनमध्ये सगळे जण लिफ्टमध्ये अडकले होते. का ते कोणालाच माहीत नाही.

हॅरॉल्डपेक्षा मला मुळाक्षरांचा सीन जास्त शिकवून गेला. दोघांनी बोलायचं, पहिलं वाक्य "क"नं सुरू, दुसरं "ख"नं, असं क्रमानं. ङ आणि ञ आम्ही सोडतो. पण "ण"? "ण"पासून मराठीत बोलायला शब्दच नाही. आधी आम्ही तोही सोडायचो, मग कोणीतरी नियम काढला की "ण" आला की दोघांनी गप्प राहायचं, एकमेकांकडे बघायचं, आणि ज्याला "त" सुचेल त्यानं पुढे जायचं. आता गंमत बघा, अख्ख्या सीनमध्ये लोक सगळ्यात जास्त त्या "ण"च्या जागी गुंततात. धाडधाड वाक्यं चाललेली असतात, "ढोंग पुरे झालं तुझं" असं कोणीतरी म्हणतं, आणि मग एकदम शांतता, दोन माणसं एकमेकांकडे बघतायत. मला पूर्वी ही शांतता दोन सेकंद सहन व्हायची नाही. आता घरी टायमर लावून त्याचीपण प्रॅक्टिस करते, भिंतीकडे बघत वीस सेकंद काही न बोलता, काही न ठरवता नुसतं उभं राहायचं. घरच्यांनी विचारायचं सोडून दिलंय.

सगळं सुरळीत झालंय असं मात्र नाहीये. मध्ये चार महिने असे गेले की एकही सीन उभा राहिला नाही, दर मंगळवारी घरी येताना सोडून द्यावंसं वाटायचं, आणि विशेष म्हणजे त्या काळात माझे सगळे खेळ एकदम चोख चालले होते. झिप झॅप झॉपला मी चुकायचेच नाही. सात गोष्टी सांग म्हटलं की सात सेकंदांत सात. खेळात पहिला नंबर आणि सीनमध्ये दगड. तेव्हा कोचनं मला एक महिना वॉर्मअपच्या वेळी मुद्दाम चुकायला लावलं होतं. ते माझ्यासारखीला किती अवघड असतं हे ज्याला माहीत आहे त्यालाच माहीत आहे. रेकॉर्डिंग अजून ऐकते, प्रश्न अजून मोजते. गेल्या महिन्यातला आकडा ९ होता आणि त्यातला एक चांगला होता.

गेल्या मंगळवारी मी आणि काका परत एका सीनमध्ये आलो. शब्द मिळाला होता "पाऊस". काका आधी गेले आणि जमिनीवर आडवे झाले, अंगाखाली हात, पाय पोटाशी. मी काही ठरवलं नव्हतं. चालत गेले, अंगावरची चादर ओढली, खसकन, दोन्ही हातांनी, आणि तोंडातून आलं, "ए, ऊठ रे, सगळं घर गळतंय आणि तू काय लोळतोयस?" बोलून गेल्यावर कळलं की बोलले. ते डोळे चोळत म्हणाले, "लोळत नाहीये, माझ्या अंगावर गळतंय ते खाली जाऊ नये म्हणून पडलोय." मग आम्ही दोघं भाऊ-बहीण रात्रभर घरात कुठेकुठे झोपायचं याचं वाटप करत बसलो, साडेचार मिनिटं चालला सीन, मध्ये एकदा बराच वेळ कोणीच बोललं नाही, नुसतं वर छताकडे बघत होतो.

नंतर जिन्यात मी त्यांना म्हटलं, "काका, ते ए-बी म्हणाले, सॉरी हं."

"सॉरी राहू दे," ते म्हणाले, "माझी चादर कुठे टाकलीस?"

मी आठवलं. ओढल्यावर डाव्या हाताला खुर्ची होती, तिच्या पाठीवर टाकली होती. मी परत वर गेले, दिवे बंद करत होते तेवढ्यात खुर्चीवरून ती उचलली, खाली आणून दिली. त्यानं, म्हणजे त्यांनी, नीट चार घड्या घातल्या आणि पिशवीत ठेवली.